आचाऱ्याचा बेत

कारखान्याच्या कँटीनचा आचारी म्हणजे भल्याभल्यांना पुरून उरणारा माणूस. अख्खी पाळी जेवून उठली तरी त्याच्या कपाळावर आठी नाही. पण रविवारी लेक जेवायला येणार, नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांना घेऊन येणार म्हटल्यावर गड्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायको गेली तेव्हापासून पोर त्याच्या बहिणीकडेच वाढली. लग्नानंतर या घराची पायरी ती पहिल्यांदा चढणार होती, आणि या खेपेला बिनसलं तर पुन्हा चढणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आधी सूप," तो बहिणीला बेत सांगू लागला. "मग भरलेले टोमॅटो. ते संपेतो मासा तव्यावर. मग कोंबडी, तिच्याबरोबर भात, तो आयत्या वेळी. शेवटी गोड. सगळं कसं, गरम गरम, एकामागून एक!"

अक्का शेंगा सोलत होती. "आणि तू कधी जेवणार?"

"माझं काय, मागाहून. उभ्या उभ्या."

"वाटलंच! अरे, कुणाला बनवतोस? पोरीसमोर बसायला नको म्हणून चाललाय हा सगळा खटाटोप. तिची आई गेली त्या दिवशीही तू हेच केलंस. घर माणसांनी भरलेलं, आणि तू आत पातेल्यात तोंड खुपसून. पोर दाराशी उभी होती रे. तिला म्हणालास, 'बाजूला हो, गरम आहे.'"

आता बोला! त्याला हे आठवतसुद्धा नव्हतं.

त्याने लेकीला फोन लावला आणि तोंडातून काय निघावं? "सूप कसलं करू गं?"

"काहीही करा, बाबा." मग तिने विचारलं, "तुम्ही बसणार ना आमच्यासोबत?"

"अगं, मग वाढायचं कोणी? मासा तव्यावरून थेट..."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या 'बरं'ने त्याचा जीव अर्धा झाला. "अक्का, वाढायला तू ये!"

"मुळीच येणार नाही."

तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागला. मासा वगळला तरी भातासाठी उठणं आलंच. भात वगळला तर गोडासाठी. जन्मात त्याने असा एकही बेत केला नव्हता, ज्यात त्याला स्वतःला जागा होती. मेल्या, पोर हातची जाईल! स्वतःलाच शिव्या घालत त्याने पुन्हा फोन लावला.

"सगळं आधीच करून टेबलावर मांडून ठेवतो," तो एका दमात म्हणाला. "पण गार होईल. मासा पार चिवट होईल. सासूबाई नावं ठेवतील."

"ठेवू देत."

"मला बोलता येत नाही गं. नुसताच बसेन."

"बसा, बाबा," ती म्हणाली.