जयभीम सोडून बाकी मौन

मामाचा फोन आला तेव्हा मी सुट्टीसाठी निमित्तच शोधत होते. "जानेवारीत ये पोरी. माये जर्मनीचे लोक येऊन राहिले. आपल्या विहारात ध्यानाचं शिबिर हाय." हिमालय सोडून ध्यान करायला भिलाईत कोण येतं, हे बघायला तरी जायलाच हवं होतं.

पुण्याहून दुर्गपर्यंत थेट गाडी मिळते, पण तिकीट वेळेवर काढा आणि स्वेटर वरच ठेवा. दुर्गहून शेअर ऑटोनं भिलाईचा पावर हाउस भाग गाठला. पन्नास रुपयांच्या आत भागतं. बाजारात उतरल्यावर आधी चिला खायचा. तांदळाच्या पिठाचं गरमागरम धिरडं आणि नाकातून पाणी काढणारी टमाटरची चटणी. मी दोन खाल्ले, तिसऱ्याला पोटानं नकार दिला.

मामा स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला होता. रात्रीची सी शिफ्ट करून आल्यावर झोप लागेना, म्हणून कुणीतरी श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं, आणि गडी त्यातच रमला. नोकरी मुदतीआधी सोडली, श्रीलंकेतल्या एका मठात जाऊन राहिला. तिथे भेटलेल्या जर्मन साधकांनी त्याला त्यांच्याकडे नेलं आणि मामा गोऱ्यांचा गुरू झाला. योगी म्हटलं की अजूनही लाजतो. भिलाईला परतल्यावर आपल्या वस्तीतली माणसं या पाहुण्यांच्या शेजारी बसावीत, एवढीच त्याला आता आस होती. वस्ती मात्र 'रिकाम्या लोकायचे धंदे' म्हणून हसायची. घर की मुर्गी दाल बराबर!

विहार लहानसाच आहे. प्लांट आणि रेल्वेतल्या लोकांनी ड्यूटी संपवून, स्वतः विटा वाहून बांधलेला. किल्ली शेजारच्या वच्छलाबाईंकडे असते. त्यांचे मालक रेल्वेत होते, आता त्या एकट्या राहतात आणि विहार स्वतःच्या घरासारखा सांभाळतात.

पहिले दोन दिवस मी फक्त गंमत पाहिली. गोरी मंडळी शाली पांघरून, नजर जमिनीला लावून रांगेनं जायची. मौनाचा नियम इतका कडक की पोरं मुद्दाम शेजारून सायकलची घंटी वाजवत गेली तरी कुणी मान वळवली नाही. मला हसू येत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी वच्छलाबाई मामाच्या दारात आल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच मी सावध झाले.

"भाऊ, दोन दिवसापासून मी यायले जयभीम करून राहिली. एकबी जवाब नाई देत. कावून?"

"बाई, त्यायचं मौन हाय. बोलाचं नसते."

"माया आज्यानं गावात जनमभर वाकून जोहार घातला. समोरच्यानं कधी वळून पाह्यलं नाई. आपल्या जयभीमले जवाब भेटते, म्हणून तं आपन तो धरला ना? आता आपल्याच विहाराच्या पायरीवर तसंच होत असंल, तं उद्या कुलूप राहील."

मामाकडे मौनावर तासभर बोलण्याची तयारी असते. पण त्या गेल्यावर तो ताटावर बसला आणि भात नुसता चिवडत राहिला. "नियम म्या लावला," तो म्हणाला. "तिकडं राहून मौन पक्कं केलं, अन् आपले लोक इसरलो." शिबिर मोडेल याची भीती होतीच, पण वस्ती कायमची दूर जाईल या विचारानं त्याचा चेहरा उतरला होता.

सकाळी त्यानं मौन मोडून सगळ्या पाहुण्यांना समोर बसवलं आणि इंग्रजीतून वच्छलाबाईंच्या आजोबांच्या जोहाराची गोष्ट सांगितली. हाना नावाच्या उंच नर्सबाईचे डोळे भरले. "आणि मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही," ती म्हणाली.

आम्ही विहाराशी पोचलो तेव्हा कुलूप होतं आणि वच्छलाबाई पायरी झाडत होत्या. हानानं चपला काढल्या, हात जोडले आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "जय भीम." मागून बाकीचे म्हणाले. वच्छलाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. प्रत्येकासमोर थांबून, प्रत्येकाला वेगळा जयभीम दिला. मगच पदराची गाठ सोडून किल्ली काढली.

आणि त्या परत गेल्या नाहीत. भिंतीला टेकून मागच्या बाजूला बसल्या, डोळे मिटले. तास संपल्यावर मामानं घाबरतच विचारलं, "कसं वाटलं, बाई?"

"घुटने दुखले. पन डोक्श्यातला कलकलाट जरा कमी झाला." मामाला तेवढं पुरलं. तेव्हापासून शिबिराचा नियम असा: जयभीम सोडून बाकी मौन.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यातच जा. मे महिन्यात तिथे ध्यानाऐवजी घाम लागतो. पावर हाउसजवळ साधी, स्वच्छ लॉज आहेत. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या झाडांच्या रस्त्यांवर पहाटे पायी हिंडा, आणि कुणी जयभीम केला तर जवाब द्या.

पुण्यात परतून मी रोज बसायचं ठरवलं. चौथ्या मिनिटाला ऑफिस आठवतं. पण शांत बसणं आणि समोरच्याला न बघणं यातला फरक आता कळतो. ही कमाई मला कमी वाटत नाही.

परवा रविवारी मामाचा फोन आला. पाहुणे आठवड्यापूर्वीच मायदेशी गेलेले. सवयीनं मामा एकटाच विहारात जाऊन डोळे मिटून बसला होता.

"डोये उघडले तं काय सांगू पोरी," तो म्हणाला. "एकबी गोरा नोता. आपल्याच लोकायले सतरंजी कमी पडली."