एकशेवीस कागदी जिने

रोज सकाळी तोंड धुण्याआधी ती कागदाचा एक कोपरा फाडून बघायची. सरळ फाटला तर तंतू त्या दिशेचे, वेडावाकडा फाटला तर आडवे. मग स्वतःशीच "हं" म्हणून चूळ भरायला जायची. घरात तिला चिटोरी म्हणत. नाव बापाने ठेवलं होतं, आणि लाडाने ठेवलं नव्हतं.

बाप बाइंडर. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार, आणि मधोमध लोखंडी कटिंग मशीन, ज्याला वळसा घातल्याशिवाय ओट्यापर्यंत पोचता येत नसे. बापाने तिला विद्या दिली ती मारून. तंतूंना आडवी घडी घातली की कागद तडकतो. कागद तडकला की लोखंडी पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची. नवव्या वर्षी तिच्या घड्या तडकायच्या थांबल्या, पट्टी मात्र थांबली नाही. आता ती उरल्यासुरल्या तुकड्यांची फुलं आणि पाखरं केली म्हणून पेरांवर बसू लागली.

"वह्या शिवून माझ्या हाताला घट्टे पडले, आणि ही पाखरं उडवतेय!"

एकदा त्याने तिची फुलांची पेटी मागच्या दारी नेऊन जाळली. तिने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. दातांचा वण त्याच्या हातावर राहिला. त्याच्या थपडेने तिचा डावा कान कायमचा अधू झाला. आई तेव्हाही काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे.

चिटोरी सव्वीस वर्षांची झाली तेव्हा तिने मैत्रिणीसाठी एक आमंत्रणपत्रिका केली. उघडली की आतून आठ पायऱ्यांचा कागदी जिना उभा राहायचा. ती पत्रिका छापखान्याच्या मालकिणीच्या हाती पडली.

"हे कुठल्या मशीनवर केलंस गं?"

चिटोरीने दोन्ही हात पुढे केले.

"बरं, मग या मशीनला सांग, माझ्या भाचीच्या लग्नाला एकशेवीस हव्यात. पंधरा दिवसांनी, शनिवारी पाचच्या आत. दिल्यास तर वरच्या मजल्यावरचं खिडकीजवळचं टेबल तुझं, काम रोजचं. नाहीतर आपण भेटल्यावर गोड बोलू, पण टेबलाचं नाव काढायचं नाही."

पंधरा दिवस ती बाप बाहेर गेला की कापायची आणि आला की झाकायची. शनिवारी दुपारी एकशेविसावा जिना चिकटला. नेमकी तेव्हाच मालकीण दुकानात डोकावली.

"कलाकार आहेत का घरात?"

"मीच," बाप म्हणाला.

"तुम्ही नव्हे हो! तुमची लेक."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. पाचला छापखान्यात वाट बघते, असा निरोप ठेवून मालकीण गेली, गिऱ्हाइकं गेली, आणि बापाने शटर खाली ओढलं.

आत येऊन त्याने पत्रिकांचा गठ्ठा उचलला.

"बाबा, ठेवा ते."

"कलाकार!" त्याने तिला छातीवर ढकललं. तिचं डोकं मागच्या फळीवर आपटलं, वरच्या वह्या अंगावर कोसळल्या. तोंडात रक्ताची चव आली. तो मशीनपाशी गेला होता. पात्याखाली गठ्ठा मधोमध कापला की सगळं संपणार होतं.

पण वाकडा गठ्ठा पात्याखाली घालणं चाळीस वर्षांत त्याच्या हातून झालं नव्हतं. संतापातही त्याने गठ्ठा उभा धरला आणि टेबलावर ठोकून सरळ केला. एक बाजू, मग दुसरी. मग आत सरकवला, चाक फिरवून दाब दिला. तेवढ्या वेळात ती उठली, आणि तिने डावा हात पात्याखाली घातला.

त्याने पाहिलं. तरी दांडा खाली आला.

पात्याला हाड लागलं तेव्हा त्याचे हात ढिले पडले. दोन बोटांची टोकं आणि वरच्या अकरा पत्रिका तुटल्या होत्या. खालच्या एकशेनऊ तशाच होत्या.

"दवाखान्यात... दवाखान्यात चल," बाप म्हणाला.

"पाचनंतर."

आईने फडकं गच्च आवळून बांधलं. बाप जवळ यायला लागला तशी तिने टेबलावरची लोखंडी पट्टी उचलली. "एक पाऊल टाका," ती म्हणाली, "डोकं फोडीन." तीस वर्षांत नवऱ्याला ती पहिल्यांदाच असं काही बोलली होती. बाप मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला.

मग आई लेकीकडे वळली. "सांग, कुठे धरू?"

चिटोरीने उजव्या हाताने सुरी चालवली. डाव्या हाताच्या जागी आईचा हात होता. फडक्यातून रक्त पाझरलं की ती जखमी हात डोक्यावर धरून बसायची आणि पुन्हा खाली घ्यायची. दोन पत्रिका डागाळल्या, त्या फेकून नव्या केल्या. पावणेपाचला अकरा जिने उभे राहिले.

तिने खोकं उजव्या कुशीत धरलं. बाप पायरीवरून बाजूला सरकला नाही, ती त्याला ओलांडून गेली. रस्त्यावर उतरल्यावर तिने मागे वळून पाहिलं. त्या घरात ती नंतर कधीही राहिली नाही. त्या वेळी मात्र एवढंच म्हणाली,

"आई, खळीच्या भांड्यावर झाकण ठेव गं, साय धरते."