रिव्हर्समध्ये अडकलेलं कडवं

रहाटणीत गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या नौशादने स्वतः रचलेलं, स्वतःच गायलेलं गाणं इंटरनेटवर टाकलं, तेव्हा कडव्यापर्यंत कुणी टिकलंच नाही. लोक मुखड्यावरच अंगठा फिरवून पुढच्या व्हिडिओवर. आवाज वाईट नाही हो त्याचा, पण बायको ताहेरासुद्धा "छान आहे" म्हणाली आणि कुकर बघायला उठली.

मग या पठ्ठ्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येक टेम्पोच्या रिव्हर्स हॉर्नमध्ये तेच गाणं बसवलं. बघता बघता मुखडा पार चाकणपर्यंत सगळ्यांना पाठ झाला. पण गाडी लागली की गाणं बंद, आणि पुन्हा मागे घेतली की पहिल्यापासून सुरू. कडवं बिचारं तसंच राहिलं.

शेवटी त्याने टेम्पोवाल्या सयाजीला गाठलं. "भावा, नाक्यापासून आख्खी गल्ली रिव्हर्समध्ये ये."

"लोक हसतील, राव."

"हसू दे की. हसायला तरी थांबतील."

सयाजी मान मुरगळेस्तोवर मागे बघत निघाला, नौशाद बाजूने चालत. एरवी या हॉर्नच्या नावाने बोटं मोडणाऱ्या सुमनताईंच्या फाटकापाशी मुखडा संपला आणि कडवं सुरू झालं. सुमनताईंच्या हातातली मेथी हातातच राहिली.

"अगंबाई, याला कडवं पण आहे होय?"

"दोन आहेत, ताई," नौशाद म्हणाला. तेवढ्यात गल्लीच्या टोकाची भिंत आली, टेम्पो थांबला, गाणंही थांबलं.

सुमनताई सयाजीवर उखडल्या. "बघतोस काय? ने परत नाक्यावर. आणि या खेपेला हळू ये."