उलटा हात

मिल बंद पडल्यावर तिथले एक फिटर रोज दुपारी आमच्या कॉलनीच्या बागेत येऊन बसायचे. पोरं घसरपट्टीवर चढायच्या आधी उठून पत्र्याला उलटा हात लावायचे, मिलमध्ये बेअरिंग तापलंय का बघायचे तसा.

बाग नव्याने करायची ठरली, तेव्हा रहिवाशांच्या सूचना मी गोळा करत होतो. ते म्हणाले, "भिया, घसरपट्टी निंबाखाली घ्या. उन्हात पत्रा भोत तापतो."

फॉर्मवर घर नंबर लागायचा. हे कॉलनीबाहेरचे, म्हणून मी लिहूनच घेतलं नाही. केवढा माझा शहाणपणा!

नवी घसरपट्टी भर उन्हात बसली. ते पुन्हा दिसले नाहीत. काल मुलीला चढवण्याआधी मी पत्र्याला उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला.

निंबाच्या गार सावलीत सूचना देणाऱ्यांच्या नावांची पाटी आहे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.