धुतलेली फिल्म

मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतले साठेसाहेब नसते, तर मी तेव्हाच गावी परतलो असतो. हे आधी सांगतो, मग माझा पराक्रम.

कुवेतमधल्या आमच्या दुकानात जुन्या फिल्मचं ट्रान्सफर चाले. म्हणजे रीळ प्रोजेक्टरवर चालवायचं आणि पडद्यावरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवायचं. त्याआधी फिल्म साफ करायची, क्लिनर आणि मखमलीच्या फडक्याने. शाळा आठवीत सुटली, पण डाग दिसला की मला राहवत नाही.

अबू सालेम नावाचे वयस्कर कुवेती गृहस्थ एक रीळ देऊन गेले. तरुणपणी अमेरिकेत शिकताना हिप्पी मित्रांबरोबर काढलेली अकरा मिनिटांची फिल्म. नव्वद साली इराकी फौजा आल्या तेव्हा घर लुटलं गेलं, हे रीळ तेवढं कपाटामागे राहिलं. दुसरी कॉपी नाही.

उघडून बघतो तर जांभळे-हिरवे थर, बारीक ओरखडे, एके ठिकाणी चिकटलेला केस. मला वाटलं बुरशी. दोन तास घासलं. अर्धं रीळ लख्ख झालं. फडक्याची मात्र रंगपंचमी.

तेवढ्यात साठेसाहेब मुलीच्या वाढदिवसाची कॅसेट न्यायला आले. कॉलेजात ते फिल्म क्लबचा प्रोजेक्टर चालवायचे. त्यांनी फडकं पाहिलं, रीळ पाहिलं, कुणाचं ते ऐकलं आणि स्टुलावर बसले.

"रघू, ही घाण नव्हती रे. हीच फिल्म होती. ते हिप्पी लोक फिल्मच रंगवायचे, टाचणीने ओरबाडायचे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि बघणारे टाळ्याही वाजवायचे."

माझा व्हिसा दुकानाच्या नावावर. एक तक्रार गेली की मॅनेजर अश्रफभाई विमानात बसवणार. मी म्हटलं, पोस्टर कलर आणून परत रंगवू.

"हिरवा कुठे होता, आठवतं?"

नव्हतं आठवत.

"मग खरं सांगू. मी बोलतो, तू नुसता उभा राहा."

दुसऱ्या दिवशी ते ड्युटीवरून थेट दुकानात आले. अबू सालेमना इंग्रजीत सगळं सांगितलं. मी हात जोडून उभा, मागे अश्रफभाई. त्यावर अबू सालेमनी फिल्म लावायला सांगितली.

पडद्यावर खांद्यापर्यंत केस असलेला एक पोरगा, बाथटबमध्ये बसून कलिंगड खातोय. अंगावर फक्त फेस. पाच मिनिटं तेवढंच. मग जांभळा रंग सुरू झाला. अबू सालेम इतके हसले की डोक्यावरचा रुमाल घसरला.

हसता हसता ते इंग्रजीत काय म्हणाले, ते साठेसाहेबांनी मला मराठीत सांगितलं, "पोरगा म्हणजे हेच. वडिलांना फिल्म दाखवायची वेळ आली, म्हणून अंग झाकायला रंग फासला होता."

मग अबू सालेमनी माझ्या हातात टाचणी दिली. ज्याने रिळावर काही केलं त्याचं नाव शेवटी कोरायचं, असा त्यांच्या हिप्पी टोळीचा नियम होता. माझं अक्षर असं की नाव त्या ओरखड्यांत सहज खपून गेलं.

तेव्हापासून फडकं उचलण्याआधी मी विचारतो, ही घाण आहे की कला? बहुतेक वेळा घाणच निघते.

साठेसाहेबांच्या लग्नाचं एक रीळ पुण्यात ट्रंकेत पडून आहे. कधीतरी ते मी त्यांना कॅसेटवर करून देणार आहे. न पुसता.