तिसऱ्या दिवशी आलेला फोन

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. खून, दरोडे, दंगली, सगळे पाहिले आणि त्यातले बरेचसे विसरलोही. एक पांढरी मोटार मात्र विसरता येत नाही. त्या प्रकरणात ना चोर होता ना खुनी. तरीही माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक तिथेच झाली, म्हणून ते लिहून ठेवतो आहे. ठाण्याचे किंवा माणसांचे नाव देत नाही.

मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. आमची हद्द विश्रांतवाडीच्या बाजूची. जुन्या बैठ्या चाळी पाडून तिथे चार-चार मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. संगणक कंपन्यांचे पेव फुटले होते. पोराला तिथे नोकरी लागली की वर्षाच्या आत दारात गाडी यायची, आणि गाडी आली की ती लावायची कुठे यावरून भांडण यायचे. रोज सकाळी ठाणे अंमलदारासमोर असे दोन-तीन अर्ज पडलेले असत. आम्हाला त्यांचा वीट आला होता, हे आधीच कबूल करतो.

अशाच एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, बोलणे तिरकस.

"आमच्या फाटकाशेजारी तीन दिवस एक गाडी उभी आहे. कोणाची, कोणालाच ठाऊक नाही. आपण येऊन बघणार, की आम्ही तिला हळदीकुंकू वाहायला सुरुवात करू?"

मी बीटच्या हवालदाराला पाठवले. तो अनुभवी माणूस. दारे बंद, कुठे मोडतोड नाही, नंबर चोरीच्या यादीत नाही, एवढे बघून तो परत आला. "कोणाचा तरी पाहुणा असेल, साहेब. नेईल आठवड्यात," म्हणाला. मलाही ते पटले. स्टेशन डायरीत नोंद केली, आरटीओला पत्र टाकले आणि पुढच्या काचेवर नोटीस चिकटवायला सांगितली: वाहन सात दिवसांत हलवावे, अन्यथा कारवाई करण्यात येईल. नियमाप्रमाणे काहीही चुकले नव्हते.

सात दिवसांचे सात आठवडे झाले. मध्ये गणपतीचा बंदोबस्त आला. महिन्याने सोसायटीचा लेखी अर्जही आला, तो फाईलला लागला. गाडीची चाके बसली, टपावर धुळीचा थर साचला. आमच्या नोटिशीशेजारी रहिवाशांनी आपल्याही पाट्या चिकटवल्या. त्यातली एक मी स्वतः वाचली: 'गाडी आपल्या तीर्थरूपांची असेल, रस्ता नाही.' वाचून मी हसलो होतो. ते हसू आठवले की अजून मान खाली जाते.

आरटीओचे उत्तर आले. गाडी नारायण पेठेतल्या एका कागदाच्या व्यापाऱ्याच्या नावावर होती. त्याला बोलावले. घाबरून पिशवीभर कागद घेऊन आला बिचारा. मी त्याला दोन तास बसवून ठेवले आणि मग आवाज चढवूनच विचारले, "गाडी रस्त्यावर टाकून कुठे पळालात?"

"अहो साहेब, ती मी दोन वर्षांपूर्वीच विकली."

"मग तुमच्या नावावर कशी?"

"एजंटाला दिली. टीटीच्या, म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्मवर सही करून दिली. नाव बदलणं त्याचं काम. सगळे असंच करतात हो."

खरे होते. तेव्हा जुन्या गाड्या अशाच कोऱ्या फॉर्मवरच्या सहीने हातोहात फिरत. एजंटाला उचलून आणला. त्याच्याकडे पत्ता नव्हता, पण गिऱ्हाईक लक्षात होते. "कॉम्प्युटर कंपनीतला पोरगा होता, साहेब. वडलांसाठी घेतली. रिटायर झाल्यावर म्हातारा हौसेनं ड्रायव्हिंग शिकला होता. पोरगा पेढे घेऊन आलावता, म्हणून ध्यानात राह्यला."

इथे पहिल्यांदा माझ्या मनात आले, की गाडी म्हाताऱ्याची, तर मग म्हातारा कुठे आहे?

त्याच दुपारी चावीवाला आणि दोन पंच घेऊन गाडी उघडली. सेक्रेटरी एक पंच होते. मागच्या सीटवर छत्री, पुढे चष्म्याचे घर. समोरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात गाडीचे कागद आणि त्यांत वहीचा एक दुमडलेला कागद. बायकी, गोल अक्षर. 'हे माझे मिस्टर आहेत. यांना हल्ली विसर पडतो. गोंधळलेले दिसले तर कृपया रागावू नका. या नंबरवर फोन करा, आम्ही लगेच येतो.' खाली घरचा नंबर.

सेक्रेटरींनी तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसत राहिले.

ठाण्यात येऊन फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. मी कोण, कुठून बोलतो, हे सांगण्याआधीच पलीकडून बाईंचा आवाज आला, "सापडले का हो?"

तासाभरात बाई आणि त्यांचा मुलगा आले. घर सिंहगड रस्त्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा "जय भीम, साहेब" म्हणाला आणि खुर्ची दिली तरी उभाच राहिला. वडील हरवले त्याच संध्याकाळी त्यांनी तशी तक्रार त्यांच्या ठाण्यात दिली होती. मी ती मागवून घेतली. उंची, बांधा, रंग, सदरा, चपला, बोलता येणाऱ्या भाषा, सगळे लिहिलेले. गाडीचे नाव नाही.

"गाडी घेऊन गेले हे सांगितलं नाहीत?" मी विचारले.

"सांगितलं ना. लिहिणारे म्हणाले, गाडी चोरीला गेली असेल तर वेगळी तक्रार द्या. मी म्हटलं, चोरी कशी होईल, बाबांनीच नेली. तर म्हणाले, मग तिचा इथे संबंध नाही, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

त्या लिहिणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने बोल लावू? हरवलेल्या माणसाचा जो संदेश सगळ्या ठाण्यांना जातो, तो फोटोसकट आमच्याही ठाण्यात आला होता. सात आठवडे तो आमच्याच फळ्यावर टाचलेला होता आणि रोज मी त्याच्यासमोरून जात होतो. माणसांची फाईल वेगळी, वाहनांची वेगळी. दोन्ही माझ्याच टेबलावरून जात आणि मला कधी सुचले नाही.

बाई हलक्या आवाजात बोलू लागल्या. "चावी मीच दिली हो साहेब. हा नको म्हणायचा. पण गाडीत बसले की ते अगदी पहिल्यासारखे व्हायचे. एक चक्कर मारून येतो म्हणाले. जीव तुटायचा त्यांच्याकडे बघून, दिली." मग म्हणाल्या, "पोलीस गाडीपाशी आले की आधी कागद मागतात ना? म्हणून चिठ्ठी कागदांतच ठेवली होती."

एका बाईने आमच्या सवयीवर एवढा विश्वास ठेवला होता. आम्ही फक्त काचेवर नोटीस लावून आलो.

पुढचा तपास दोन दिवसांत झाला. सोसायटीच्या वॉचमनला आम्ही आधी काही विचारलेच नव्हते. आता विचारले, तर तो लगेच बोलला. "एक म्हातारा आलता, साहेब. 'माझी खोली कुठं हाय' म्हनत हुता. म्या म्हनलं, हितं खोल्या न्हाईत, फ्लॅट हायेत. पिऊन आला आसंल म्हनून घालवला त्याला." मुलाकडून उलगडा झाला. त्या जागी पूर्वी चाळ होती आणि लग्नानंतरची पहिली सहा वर्षे या जोडप्याने तिथल्या एका खोलीत काढली होती. त्याचे वडील भरकटले नव्हते, आपल्या समजुतीने घरी आले होते.

मग रुग्णालयांच्या नोंदवह्या पाहिल्या. गाडी आल्यापासून चौथ्या दिवशी आमच्याच हद्दीत रस्त्याकडेला पडलेला एक अनोळखी इसम लोकांनी दाखल केला होता. तापाने फणफणलेला, नाव सांगता येत नव्हते. नवव्या दिवशी तो वारला. ठरलेली मुदत संपल्यावर बेवारस म्हणून अंत्यविधीही उरकला होता. उरला होता दाढी वाढलेल्या चेहऱ्याचा एक फोटो आणि कपड्यांचे गाठोडे. बाईंनी फोटो नीट पाहिलाच नाही. सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर बोट ठेवले. ती त्यांनी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवली होती.

जबाब लिहून झाला. उठताना त्यांनी विचारले, "साहेब, गाडी तुम्हाला कधी कळली?"

"सोसायटीचा अर्ज आला तेव्हा."

"तेव्हा उघडली असती तर भेटले असते का हो ते?"

लेखी अर्ज महिन्याने आला होता. फोन तिसऱ्या दिवशी आला होता, आणि त्या दिवशी तो माणूस आमच्याच हद्दीत, जिवंत, आपली खोली शोधत फिरत होता. मी म्हणालो, "नाही हो. तेव्हा फार उशीर झाला होता." अर्जापुरते ते खरे होते. पोलिसाला खरे बोलून खोटे सांगता येते, ही कला मी त्या दिवशी एका विधवेवर वापरली.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे पहिला हुकूम हाच असायचा: अनोळखी गाडी दिसली की पंच बोलवा, त्याच दिवशी उघडा, आणि गाडी कोणाची हे विचारण्याआधी तिच्यातून उतरलेला माणूस कुठे गेला ते विचारा. हवालदार मागून हसायचे. साहेबांना गाड्यांचे खूळ आहे म्हणायचे. म्हणू दिले.

त्या जबाबानंतर महिन्याभराने मुलगा पुण्यानुमोदनाचे निमंत्रण घेऊन आला. साध्या कपड्यांत गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. फोटोला हार होता, मेणबत्त्या लावल्या होत्या. वंदना झाली, चार माणसे त्यांच्याविषयी बोलली. मग बाई उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "या साहेबांनी फार धावपळ केली. त्यांच्यामुळे आम्हाला निदान कळलं तरी. नाहीतर मी जन्मभर दाराकडे बघत बसले असते." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. शेजारच्या आजोबांनी माझा हात हातात घेतला. त्या क्षणी उठून खरे सांगायला हवे होते. मी उठलोही. हात जोडले आणि खाली बसलो.

गेल्या वर्षी मुलाचा फोन आला, आई गेली म्हणून. त्यानंतर मी हे लिहायला घेतले. त्या असेपर्यंत मला धीर झाला नाही, यातच सगळे आले.