पेंढ्यातला भात

परब स्टोव्ह पेटवायच्या आधी सगळी मांडामांड करून घ्यायचा. तांदूळ धुऊन निथळलेले, डाळ सकाळपासून भिजलेली, कांदा चिरलेला, मिठाचा डबा उघडा. मग हात पुसून पाटावर बसायचा आणि एकच काडी ओढायचा. त्याच काडीवर स्टोव्ह, त्याच काडीवर देवापुढचा दिवा आणि विझता विझता उदबत्ती. बोटाला चटका बसेपर्यंत काडी सोडायचा नाही. कोणी बघत असलं की म्हणायचा, "आदी हात, मगे काडी. काडी पेटल्यावर कांदो शोधीत बसलात तर रॉकेल रडता."

हे बघणारं माणूस बहुतेक वेळा माझी बायको असायची.

मला परब आवडायचा नाही, ते आधीच सांगून टाकतो. घाटकोपरला डोंगराच्या चढावर आमची बैठी चाळ होती. माझी खोली सहावी, त्याची सातवी. मधे पत्र्याची भिंत. मी साताऱ्याकडचा, तो मालवणकडचा. मी गिरणीत साच्यावर कापड विणायला, तो विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरला. पगार माझा त्याच्यापेक्षा जास्त होता. हे मी त्या काळी पुष्कळ जणांना सांगितलं, पण ऐकून कोणाच्या तोंडावर काही फरक पडला नाही.

त्याच्या बायकोचे गुडघे धरलेले. ती खाटेवर बसून तांदूळ निवडायची, बाकी स्वयंपाक परबच करायचा. मी सुरुवातीला हसलो. "पुरुषासारखा पुरुष आणि भात काय लावतो?" असं घरात म्हणालो. इंदू, माझी बायको, भांडं घासता घासता म्हणाली, "त्यात हसण्यासारखं काय आहे? तुम्हाला येतो का?" मला येत नव्हता.

त्याची सगळ्यात मोठी करामत म्हणजे आंब्याची पेटी. गावाहून आंबे यायचे ती लाकडी पेटी. आंबे संपले तरी त्याने पेंढा फेकला नव्हता. पेटीत तो पेंढा दाबून भरायचा, मधे टोप बसेल एवढा खळगा करायचा. भाताला चांगली उकळी आली, पाचेक मिनिटं खदखदला की स्टोव्ह बंद. टोपावर झाकण, टोप पेंढ्यात, वर जुनी गोधडी. तासाभराने भात तयार, मोकळा आणि वाफाळता. रॉकेल मोजून मिळायच्या त्या दिवसांत आमचा डबा वीस तारखेला वाजायला लागायचा आणि परबाच्या डब्यात महिनाअखेरीला हात बुडेल इतकं रॉकेल शिल्लक.

त्याची बायको मात्र त्याला सोडायची नाही. "अहो इंदूताई, एकदा ह्यांनी आमटीत मीठसुद्धा वाचवलंन! वर मला म्हणतात, पापड खारट आहे, लावून खा." परब हसायचा आणि म्हणायचा, "मगे? खाल्लंस ना?"

आमच्या घरात मग सगळं परबभाऊंच्या नावाने व्हायला लागलं. परबभाऊ साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवतात. परबभाऊ कढीपत्त्याची काडी फेकत नाहीत. परबभाऊ बाजारात संध्याकाळी उशिरा जातात, तेव्हा भाजीवाला जुडी अर्ध्याला देतो. मी जेवायला बसलो की ताटात आमटी कमी आणि परब जास्त. आमच्या घरात दोन कर्ते पुरुष झाले होते आणि त्यातला एक शेजारी राहत होता.

माझी एकच गोष्ट त्याच्यापाशी नव्हती, ती म्हणजे पेपर. मी गिरणीत लागल्यापासून रोज पेपर विकत घ्यायचो. माझं शिक्षण तिसरी. मोठे मथळे वाचायचो, बारीक अक्षर राहू द्यायचो. पण सकाळी ओट्यावर पेपर उघडून बसलं की माणूस शिकलेला दिसतो तरी. परब संध्याकाळी यायचा. "काय जाधवांनू, पेपर वाचून झालो?" मी घडी हातात द्यायचो. मग तो ओट्यावर बसून बारीक अक्षरसुद्धा मोठ्याने वाचायचा. कोर्टातल्या केसी, चोऱ्या, लग्न मोडल्याच्या भानगडी. अख्खी चाळ जमायची. इंदू पदराला हात पुसत उंबऱ्यात यायची आणि विचारायची, "मग पुढे काय झालं परबभाऊ?"

पेपर माझा होता. मला तिने कधी पुढे काय झालं ते विचारलं नाही.

पुढे गिरणी बंद पडली. चार महिने मी घरी होतो, मग पवईला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. पगार निम्मा. पेपर बंद केला. इंदू एका सकाळी म्हणाली, "मी परबभाऊंकडून ती पेटी भरायला शिकून घेते. निदान रॉकेल तरी पुरेल."

"त्या माणसाच्या दारात शिकायला जायचं नाही," मी म्हणालो. "माझ्या घरात काय करायचं ते मला कळतं."

"कळतं ना? मग करा."

एवढं बोलून ती भांडी घासायला बसली. परबाकडे गेली मात्र नाही. तिने माझा शब्द राखला. आता मला काहीतरी करून दाखवणं भाग होतं, नाहीतर त्या घरात माझा शब्द नुसता शब्दच राहिला असता.

एका रविवारी इंदू बहिणीकडे मानखुर्दला बारशाला गेली. संध्याकाळपर्यंत येणार होती. मी बाजारातून रिकामी पेटी आणली, फळवाल्याकडून पेंढा मागून घेतला. तांदूळ धुतले, उकळी आणली, टोप पेटीत ठेवला, वर गोधडी टाकली. सगळं परबासारखं. मग समोर बसलो. पाच मिनिटांनी वाटलं, शिजतोय की नाही? झाकण उघडून बघितलं. वाफ होती. बरं वाटलं. थोड्या वेळाने परत बघितलं. एकदा वाटलं, पाणी कमी आहे, म्हणून तांब्याभर गार पाणी ओतलं. तासाभराने टोपात कोमट पाणी आणि त्यात बुडालेले तांदूळ. टोप उचलताना ते पाणी सांडलं, पेंढा भिजला, गोधडी भिजली. मी त्या चिखलात बसलो होतो आणि दारात परब उभा.

"जाधवांनू, झाकण कितीदा उघडलात?"

"एकदाच."

"म्हणजे सात-आठदा." तो आत आला. "तुम्ही घाटावरचे. तुमका भाकरी कळता, भात नाय. भाकरीकडे सारखा बघूक लागता. भाताकडे बघलात की तो रुसता."

पत्र्यापलीकडून त्याची बायको हसत ओरडली, "अहो, त्यांना रागावू नका! तुम्ही पहिल्यांदा काय शिजवलं होतंत ते सांगू का?"

"तू गप रव गे!"

त्याने जास्तीचं पाणी काढून टाकलं, स्वतःच्या खोलीतून कोरडा पेंढा आणि गोधडी आणली, स्टोव्ह पेटवला. भात खदखदला तसा टोप पेटीत बसवला. आणि मग परबाने काय करावं? पेटीच्या आणि माझ्या मधे पाट टाकून बसला. तासभर हलला नाही. मी पाणी प्यायला उठलो तरी मान वळवून बघायचा.

"मी काही उघडत नाही," मी म्हणालो.

"माका माहीत आसा. तरी बसतंय."

"हिला सांगू नका."

"मी कोणाक सांगूचंय नाय."

इंदू आली तेव्हा परब उंबऱ्यात होता, निघायच्या बेतात. तिने पेटी बघितली, झाकण उचललं. एक शीत दोन बोटांत दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मग म्हणाली, "परबभाऊ, तुम्ही लावलात ना?"



परब म्हणाला, "माका वेळ खय, वैनीनू? जाधवांनीच लावलो. मी नुसतो वास घेऊक इलंय." आणि चपला घालून गेला.

त्या दिवशी मला परबाचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. रॉकेल वाचवणारा माणूस, काडी वाचवणारा माणूस, आणि आपल्या भाताची शाबासकी अशी सहज देऊन टाकतो. तीही माझ्या हातात ठेवून. ती परत तरी कशी करायची?

इंदूने चाळभर सांगितलं. आमचे हे स्वतः भात लावतात. पुढची सगळी वर्षं ती पेटी आमच्या घरात चालली, रॉकेल महिनाअखेरपर्यंत पुरायला लागलं, आणि घरात माझ्या शब्दाला वजन आलं. इंदू मला विचारून बाजारात जायला लागली. मी ऐटीत सांगायचो, पण पत्र्यापलीकडे आवाज जाणार नाही इतक्या हळू.

परबाने तोंड उघडलं नाही. उलट कारखान्याच्या कॅन्टीनमधून आदल्या दिवशीचा पेपर आणून माझ्याच ओट्यावर वाचायला लागला. "शिळो आसा, पण चोर तोच." इंदू परत उंबऱ्यात येऊन बसायची, पुढे काय झालं ते विचारायची. 

रिटायर झाल्यावर तो बायकोला घेऊन गावी गेला. खोली विकून आलेल्या पैशांत घराचं छप्पर नवीन घातलं म्हणे. जाताना मला म्हणाला, "येवा एकदा." मी हो म्हणालो. गेलो नाही.

दीड-दोन वर्षांनी त्याच्या बायकोचं कार्ड आलं. परब गेला होता, ताप आला आणि चार दिवसांत. इंदूने ते मला वाचून दाखवलं. म्हणाली, "वहिनींना दोन ओळी लिहायला हव्यात."

मी म्हणालो, मी लिहितो. मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणून तिने नवलाने बघितलं. दुपार गेली माझी एका कोऱ्या कार्डावर. अक्षर वेडंवाकडं, पण माझं. सांत्वनाचं काही मला सुचेना. शेवटी लिहिलं, "वहिनी, त्या रविवारचा भात परबांनी लावला होता. मी बिघडवला होता. परबांचा भात चांगला झाला होता, ते मी त्यांना कधी म्हणालो नाही."

कार्ड इंदूपुढे ठेवलं आणि पत्ता घालायला सांगितलं. तिने वाचलं. परत एकदा वाचलं.  पत्ता घातला, पदर डोळ्यांना लावला आणि तशीच भिंतीला टेकून रडत बसली.

ती परबासाठी रडली की माझ्यासाठी, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज आम्ही दोघं म्हातारे झालो, एकाच खोलीत दिवसभर समोरासमोर बसलेले असतो. अजून विचारलेलं नाही.